गेस्टहाऊसवाल्यांना उधारीवर काम देताय? आधी हे वाचा

म्हापशात माझी छोटी लॉन्ड्री आहे, कळंगुट-कांदोळीकडच्या गेस्टहाऊसच्या चादरी, टॉवेल, अभ्रे धुवून द्यायचं काम. ऑक्टोबर ते मार्च जे मिळेल त्यावर पावसाळा काढायचा असतो, आणि फसवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मला फसवणारा हा गेस्टहाऊसवाला सीझनच्या तोंडावर आला. पहिल्या बिलांचे पैसे मागायच्या आधीच यूपीआयने टाकले, डिसेंबरात माल डबल झाला आणि पैसे थांबले. विचारलं की "पात्रांव, पयशे खंय वतले?" (शेठ, पैसे कुठे जाणार?) इतकं गोड बोलायचा की पुढे तोंडच उघडत नसे. बिल घेऊन गेलं की मॅनेजर म्हणणार चार टॉवेल कमी आहेत, एका चादरीला डाग राहिलाय, बिल दुरुस्त करून आणा, दुरुस्त करून नेलं की अकाऊंटंट रजेवर. माल पोचवल्याच्या चलनावर सही रूमबॉयची, आणि ती पोरं सारखी बदलणारी, म्हणजे "ही सही कोणाची?" म्हणायला हा मोकळा. टॉवेल वगैरे काही हरवत नव्हते हो, बिल लटकवत ठेवायची ती युक्ती.

इकडे बिल फाडलं की 18% जीएसटी भरायलाच लागतो, गिऱ्हाईकाने पैसे दिले काय न दिले काय, आणि उधारी बुडाली म्हणून तो परत मिळत नाही. पोरांचा पगार, लाईट बिल, पावडर, वर ह्याचा टॅक्स, सगळं माझ्या खिशातून.

मार्चअखेर त्याने मेची तारीख घालून चेक दिला. टाकला तर खातं बंद, गेस्टहाऊसला कुलूप, जागेचा मालक म्हणतो मी लीजवर दिलेली, माझा काय संबंध. बिलं सगळी बोर्डावरच्या नावाने, त्या नावाची फर्म कागदावर कुठे नाहीच! त्याचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या चेकवर.

म्हणून पहिली गाठोडी उचलायच्या आधी लीजची कॉपी आणि पॅन मागा, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून कायदेशीर नाव कोणाचं येतं ते बघा, बिल त्याच नावाने करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवा, 2006 च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असेल तरी 45 दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि तक्रार ऑनलाईन करता येते. पण तक्रार करायला समोरचा कोण ते माहीत पाहिजे ना.

चेक बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, मग त्याला 15 दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. हा मात्र रोज फोनवर "गांवाक आसां, फाल्यां येतां" (गावी आहे, उद्या येतो) करत होता, वकील म्हणाले तो येणार वगैरे नाही, तुमचे ते 30 दिवस कधी संपतात याची वाट बघतोय.