ईरी सरोवराच्या नद्या, डिसेंबर आणि स्टीलहेड : भाड्याच्या गाईडसोबत एक दिवस

ओहायोतील क्लीव्हलंडच्या पश्चिमेला राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली आणि त्यातील दहा हिवाळे मी रॉकी नदीच्या काठाने गाडी चालवताना, कमरेएवढ्या गार पाण्यात गळ टाकून उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून मान हलवीत पुढे गेलो. रत्नागिरीला लहानपणी सुट्टीचे दिवस जेटीवर गरवण्यात घालवलेल्या माणसाला हे वेड परके वाटू नये. पण तिथे अंगात बनियन पुरत असे, आणि इथे चार थरांचे कपडेही कमी पडतात. गेल्या डिसेंबरात भाच्याच्या हट्टामुळे अखेर आम्ही दोघांनी एका दिवसासाठी गाईड ठरवला. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. सेवा एकाच माणसाची आहे आणि पुढे थोडी तक्रारही आहे, म्हणून नाव देत नाही. व्हर्मिलियनपासून पेनसिल्व्हेनियाच्या एल्क क्रीकमार्गे न्यूयॉर्कच्या कॅटरॉगसपर्यंत पसरलेल्या आणि मासेमारांमध्ये ‘स्टीलहेड अ‍ॅली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात असे गाईड पुष्कळ आहेत, त्यामुळे निवड करताना काय पाहावे, एवढे तरी यातून कळावे.

स्टीलहेड म्हणजे स्थलांतर करणारा रेनबो ट्राउट. तो मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. १८७६ मध्ये मिशिगनच्या ऑ सेबल नदीत तो सोडला गेला, आणि तेव्हापासून ग्रेट लेक्सच्या परिसरात समुद्राची जागा त्याच्यासाठी सरोवराने घेतली आहे. ओहायोतील नद्या उन्हाळ्यात तापतात आणि तिथे पिल्ले फारशी तग धरत नाहीत. म्हणून राज्याचे मत्स्यखाते मिशिगनच्या लिटल मॅनिस्टी नदीतील माशांची अंडी आणून ती कॅस्टेलियाच्या केंद्रात वाढवते आणि सहा ते आठ इंचांची पिल्ले वसंत ऋतूत नद्यांमध्ये सोडते. अंडी घालण्याचा हंगाम वसंताचा असला, तरी शरदातील पावसाने नदी फुगली की बरेच मासे तेव्हाच सरोवरातून वर चढतात आणि सगळा हिवाळा डोहांमध्ये काढतात. थंडीतील मासेमारी या हिवाळी मुक्कामावरच चालते.

आमचे आरक्षण मंगळवारचे आणि ग्रँड नदीचे होते. शनिवारी दिवसभर पाऊस झाला, आणि रविवारी रात्री गाईडचा फोन आला की ग्रँडला जाण्यात अर्थ नाही, आपण कॉनिऑट क्रीकला जाऊ. या एका फोनसाठी मी त्याला निम्मे गुण देतो. पावसाळ्यात आपण खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे जसे पाहतो, तसे येथील मासेमार अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक नदीचा प्रवाह पाहत असतात. एककही तेच, क्युसेक. मीही ते आकडे पाहिले होते आणि ग्रँड उतरू लागल्याचे पाहून खूश होतो. गाईडने सांगितले की नदी उतरणे आणि निवळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रँडचे पाणलोट क्षेत्र मोठे आणि चिकणमातीचे आहे, त्यामुळे मोठ्या पावसानंतर ती निवळायला कधी कधी आठवडा घेते. कॉनिऑटचा तळ बराचसा शेल खडकाचा असल्याने ती दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येते. पाणी हिरवट असावे आणि दीड-दोन फुटांपर्यंत तळ दिसावा, ही त्याची कसोटी. पाणी गढूळ असेल तर माशाला आमिष दिसत नाही, आणि अगदी नितळ असेल तर त्याला आपण दिसतो. घरबसल्या आकडे वाचून मला हे समजले नसते, आणि चुकीच्या नदीवर दिवस वाया गेला असता.

परवान्यांबाबतही तो काटेकोर होता. कॉनिऑट पेनसिल्व्हेनियात उगम पावून ओहायोत येते, त्यामुळे आपण नदीच्या कोणत्या भागात उभे आहोत यावर कोणत्या राज्याचा परवाना लागेल ते ठरते. ओहायोच्या रहिवाशाला वार्षिक परवाना २५ डॉलरला मिळतो आणि ट्राउटसाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही. पेनसिल्व्हेनियात मूळ परवान्याखेरीज ईरीसाठी स्वतंत्र परवानगी काढावी लागते. भाच्याकडून त्याने त्याच रात्री परवाना ऑनलाइन काढून घेतला आणि त्याचे छायाचित्र मागवले.

भेटीची वेळ त्याने साडेनऊची दिली, तेव्हा मला तो आळशी वाटला होता. आमच्याकडे गरवणारा माणूस तांबडे फुटायच्या आत खडकावर पोहोचलेला असतो. नदीवर गेल्यावर कारण दिसले. रात्री पारा शून्याखाली बराच गेला होता आणि पाण्यावरून बर्फाचा करडा लगदा वाहत होता. त्यात दोर टाकला तर तो लगद्याबरोबर वाहून जातो. दहा-सव्वादहाच्या सुमारास तो लगदा विरळ झाला आणि आम्ही पाण्यात उतरलो.

आता तक्रार. वेडर्स, म्हणजे छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, आणि त्यावरचे बूट भाड्याने मिळतील असे संकेतस्थळावर लिहिले होते, आणि त्यासाठी माणशी ३० डॉलर वेगळे घेतले. माझ्या वेडर्सना उजव्या गुडघ्यापाशी शिवणीत बारीक गळती होती. पहिल्या पंधरा मिनिटांत ती लक्षात आली नाही. नंतर मात्र मोजा भिजत गेला आणि दुपारपर्यंत त्या पायाची बोटे आहेत की नाहीत हे वाकून पाहावेसे वाटू लागले. बुटांचे तळ नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे होते. ओल्या गुळगुळीत दगडावर नमदा चांगला धरतो, हे खरे. पण काठावरच्या बर्फात चालले की तो बर्फ तळाला चिकटून गोठतो आणि प्रत्येक पायाखाली चार बोटे उंचीचा गोळा तयार होतो. भाचा दोनदा घसरला. गाईडच्या स्वतःच्या बुटांना रबरी तळ आणि लोखंडी खिळे होते, म्हणजे फरक त्याला ठाऊक होता. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या सामानाकडे त्याने तेवढेच लक्ष द्यायला हवे होते. गळतीबद्दल सांगताच त्याने माझे भाडे परत केले आणि स्वतःजवळचा लोकरीचा कोरडा मोजा दिला, हेही नोंदवायला हवे.

बाकी सामान उत्तम होते. तेरा फुटी लवचिक काठी, आणि तिला सेंटरपिन नावाचे चाक, ज्यात दात नाहीत, ब्रेक नाही; ते नुसते आसावर मोकळे फिरते आणि त्याला आवरायला फक्त आपला अंगठा असतो. दोराला पाण्यावर तरंगणारा फ्लोट, त्याखाली अंतराअंतरावर शिशाचे बारीक मणी, आणि टोकाला गरीमध्ये माशाच्या अंड्यांची जाळीदार कापडात बांधलेली पुरचुंडी. आजीच्या बटव्यातील हिंगाच्या पुरचुंडीची आठवण व्हावी, पण आकार नखाएवढा. काठीच्या कड्यांमध्ये दर काही मिनिटांनी बर्फ धरत असे; त्यावर गाईड ओठांना लावायचे मलम चोपडत होता.

खरी शिकवण फ्लोट सोडल्यानंतर सुरू झाली. नदीचे पाणी वर वेगाने वाहते आणि तळाशी संथ, आणि थंडीत मासा तळाशी असतो. फ्लोट मोकळा सोडला तर तो आमिषाला ओढत पुढे पळतो, आणि माशाच्या डोळ्यांसमोरून अंडी अनैसर्गिक वेगाने जातात. म्हणून अंगठ्याने चाक किंचित रोखून फ्लोटला मागे धरायचे, म्हणजे आमिष त्याच्या पुढे, तळाच्या गतीने जाते. हे मी तीन वाक्यांत लिहिले. हाताला कळायला दीड तास लागला. त्या दिवशी पाण्याचे तापमान दोन अंशांच्या आसपास होते, आणि इतक्या गारठ्यात स्टीलहेड घासासाठी फार हलत नाही. गाईडने शेलच्या एका पायरीखालचा, जेमतेम खोलीएवढा डोह दाखवला आणि तिथेच वीतभर अंतर सरकवत पुन्हा पुन्हा फ्लोट सोडायला लावला. मी दुसरीकडे जाऊ या म्हणालो तेव्हा त्याने जागा बदलण्याऐवजी खोली चार इंचांनी वाढवली. तिसऱ्या फेरीत फ्लोट बुडाला नाही. नुसता क्षणभर थबकला. मी तळ लागला असे समजून बघत राहिलो, आणि गाईड ओरडला तोवर मासा सुटला होता.

दिवसभरात तीन मासे लागले, दोन हाती आले. माझा साडेसव्वीस इंचांचा होता : पाठ हिरवट, कूस चांदीसारखी, आणि तिच्यावर नुकता उमटू लागलेला गुलाबी पट्टा, म्हणजे नदीत येऊन त्याला थोडे दिवस झाले होते. ओहायोत १ सप्टेंबर ते १५ मे या काळात दिवसाला दोन मासे, किमान बारा इंचांचे, ठेवता येतात. आम्ही दोन्ही सोडले. गाईडने मासा पाण्याबाहेर काढू दिला नाही, कारण शून्याखालच्या हवेत त्याचे कल्ले लगेच गोठू शकतात. जाळ्यातच, पाण्यात धरून छायाचित्र घेतले. ते पाहून आईने रत्नागिरीहून एवढेच विचारले, “अरे, मग तिकडे गेलात कशाला?”

दोघांचे मिळून ४०० डॉलर, वर वीस टक्के बक्षिसी. जाहिरातीत आठ तास होते. प्रत्यक्षात साडेसहा मिळाले, आणि डिसेंबरात अंधार लवकर पडतो हे जाहिरात लिहिणाऱ्याला माहीत असायला हवे होते. मासे मोजून हिशेब करणाऱ्याला हा सौदा महाग वाटेल, आणि केवळ एकदा छायाचित्रापुरते जायचे असेल तर नोव्हेंबरात जावे. पाणी तेवढे गार नसते, मासा अधिक चपळ असतो आणि चुका खपतात. शिकायचे असेल तर मात्र मी डिसेंबरच सुचवीन. आरक्षण करताना गाईडला दोन प्रश्न विचारावेत : पाऊस पडला तर नदी बदलणार का, आणि बुटांचे तळ कशाचे आहेत.

जानेवारीत आम्ही दोघे गाईडशिवाय रॉकी नदीवर तीन शनिवार गेलो. पहिले दोन कोरडे गेले. तिसऱ्या वेळी, विमाने डोक्यावरून उतरत असताना, भाच्याचा फ्लोट तसाच थबकला, आणि या वेळी ओरडायला कोणी लागले नाही.