हजाराच्या आतबाहेर रोजची वाइन: आधी शेनिन, मग बाकीचं

पाटीवर ‘वाइन शॉप’ असलं तरी बहुतेक दुकानांत खप व्हिस्की आणि बिअरचा. वाइनच्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, भर मे महिन्यातही तशाच उभ्या. त्यामुळे चांगल्या वायनरीची बाटलीसुद्धा घरी येईपर्यंत बिघडलेली असू शकते, आणि दोष मात्र वाइनला लागतो.

हजार रुपयांच्या आसपास एकच बाटली घ्यायची असेल तर ती नाशिकची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, असावी. (दुकानात ‘चेनिन’ म्हणा, लगेच कळेल.) या द्राक्षाची आंबटाई उन्हाळी हवेतही टिकून राहते, वेलीला पीक भरपूर येतं आणि रस लाकडी पिंपात मुरवत ठेवावा लागत नाही. स्टीलच्या टाकीत थंड तापमानाला आंबवून काही महिन्यांत बाटलीत भरता येतो. म्हणून कमी पैशांत नीट बनू शकणारी वाइन हीच. नाशिकच्या सुला वायनरीची शेनिन किंचित गोडसर आहे, अननस-पेरूच्या अंगाची. तिखट जेवणाबरोबर तो गोडवा उपयोगी पडतो. वाइन अजिबात गोड नको असेल तर सुलाचीच सोव्हिन्यों ब्लाँ (दुसऱ्या द्राक्षाची पांढरी वाइन) घ्या. ती कोरडी, हिरव्या ढोबळी मिरचीच्या वासाची आहे. कोळंबी किंवा तळलेल्या बोंबलाबरोबर छान लागते.

लाल वाइनचा हिशेब वेगळा. स्वस्त लालमध्ये दोन दोष सारखे भेटतात: वेलीवर पीक जास्त घेतल्याने आलेला पातळपणा, आणि द्राक्ष पुरतं पिकायच्या आत तोडल्यामुळे येणारा हिरवट तुरटपणा. त्यात मिरची आली की तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जिभेला जास्त झोंबतात. मटणाच्या रश्श्याबरोबर लालच हवी असेल तर अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सँजोव्हेसे (मूळच्या इटालियन लाल द्राक्षाची वाइन) पाहा. तिच्यात आंबटाई आहे, त्यामुळे तेलाचा तवंग कापला जातो. ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड लाल वाइन हे वेगळंच पेय आहे. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतं. जेवणाबरोबर ती नको.

लेबलवर सर्वात आधी साल, म्हणजे द्राक्ष तोडल्याचं वर्ष, बघा. आपल्याकडे वेलीची एप्रिलात खरड छाटणी (नवी काडी यावी म्हणून), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरावं म्हणून) आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फ्रान्समधली तोडणी सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे लेबलवर एकच साल असलं तरी नाशिकची बाटली सहाएक महिन्यांनी मोठी. या किमतीतली पांढरी वाइन तोडणीपासून दोन वर्षांच्या आत प्यावी. त्यापुढे फळाचा वास उडतो, वय वाढल्याचा फायदा काही नाही. साल नाही, द्राक्षाचं नावही नाही आणि नुसतं ‘व्हाइट वाइन’ छापलंय, अशी बाटली फळीवरच राहू द्या.

मग बाटली उजेडासमोर धरा. पांढरी वाइन फिकट, हिरवट पिवळी दिसायला हवी. ती मधाच्या रंगाकडे झुकली असेल तर हवा किंवा ऊन लागलेलं आहे. बूच असेल तर ते वर सरकलंय का, मानेवर चिकट ओघळ आहे का, हे बोटाने चाचपून पाहा. उन्हाने वाइन फुगते आणि बूच ढकलते. अशी वाइन शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागते. फिरकीचं झाकण असेल तर उत्तम. ते कमी दर्जाचं लक्षण नाही. बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास त्यात सहसा नसतो.

तळाशी साखरेच्या बारीक कणांसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ती काच नव्हे, द्राक्षातल्या आम्लाचे क्षार आहेत, थंडीने खाली बसतात. ग्लासात येऊ नयेत म्हणून शेवटचा घोट बाटलीत सोडा. उघडल्यावर काडेपेटीसारखा वास आला तर दहा मिनिटं थांबा, बहुधा जातो. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास मात्र जात नाही, ती वाइन बिघडलेली.

घरच्या फ्रिजमध्ये साधारण चार-पाच अंश असतात, एवढ्या थंडीत शेनिनचा वास दबतो. पिण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, म्हणजे आठ-दहा अंशांवर येईल. फ्रिज भरलेला असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. वीसेक मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली रोवली तर हवेच्या फटी राहतात आणि थंड व्हायला जास्त वेळ लागतो. लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे. आपली खोली तीस अंशांची. लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नुसत्या अल्कोहोलचा भपका येतो.

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. हजाराची बाटली म्हणजे ग्लासाला दोनशे. छोटी ३७५ मिलिलिटरची बाटली सोयीची, पण बहुधा निम्म्या किमतीपेक्षा महाग पडते. त्यापेक्षा मोठी घ्या आणि उघडल्या उघडल्या अर्धी वाइन स्वच्छ, कोरड्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. अर्ध्या रिकाम्या बाटलीत ती दोन-तीन दिवसांत उतरते, काठोकाठ भरलेली चार-पाच दिवस सहज टिकते. एवढं करूनही उरली, तर रविवारच्या कोळंबीत लसूण परतल्यावर अर्धी वाटी ओता आणि वास जाईपर्यंत आटवा. त्या दिवशी कोकम मात्र निम्मंच घाला.