पुढचे बंप स्टॉप रंगवून दिले, मागचे उगाच बदलले

पिकअप लेव्हल करून घेतली त्याला ७ महिने झाले. एवढ्यातच पुढचे दोन्ही शॉकअप तेल सोडायला लागले, आणि मागे थोडा माल टाकला की गाडी दणके मारते. दोन्हींचं मूळ निघालं चार बंप रबरांत, म्हणजे चाक फार वर आलं की त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांत (बंप स्टॉप). बिलावर त्यांचं नाव होतं 'हेवी ड्यूटी बंप स्टॉप अपग्रेड, ४ नग'. जे कोणी हे काम करून घेणार आहेत त्यांनी पैसे मोजण्याआधी वाचावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिकअप कंपनीतूनच पुढून खाली आणि मागून वर अशी येते. माल भरल्यावर मागचे पाटे बसतात आणि गाडी सपाट होते, त्यासाठी तो फरक ठेवलेला असतो. माझ्या गाडीत तो जवळजवळ २ इंच होता. मी बहुतेक वेळा रिकामीच चालवतो, टायरही जरा मोठे घालायचे होते, म्हणून फक्त पुढची बाजू २ इंच वर घ्यायची ठरवली.

गॅरेजवाला म्हणाला, स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकून देतो, पण चारही बंप स्टॉप बदलावेच लागतील. "नाहीतर शॉकअप फुटतील, मग मला सांगू नका." का, असं विचारलं तर म्हणाला, "गाडी उचलली की सगळंच बदलतं." हे उत्तर मी मान्य केलं. पुढचे शॉकअप फुटण्याबद्दल तो खरं बोलत होता, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या गाडीत पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या बाहेर, साधारण १ इंच जाडीचा स्पेसर बसवला. शॉकअप लोअर आर्मवर (चाकाला चॅसीशी जोडणारा खालचा हात) मध्येच कुठेतरी टेकलेला असतो, त्यामुळे तिथला १ इंच चाकापाशी जवळजवळ २ इंच होतो. पण आता पूर्ण शॉकअप १ इंच खाली सरकलेला असतो. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा आधी बंप रबराने आर्म अडवायचा आणि शॉकअपमध्ये थोडी जागा शिल्लक राहायची, ही कंपनीची रचना. स्पेसरमुळे ती शिल्लक जागा संपते. रबर आर्मला लागायच्या आत शॉकअप आतल्या आत तळाला आपटतो. म्हणून चॅसीवर बसवलेला बंप स्टॉप असेल तर तो खाली आणावाच लागतो. रबर आणि शॉकअप आर्मवर जवळपास एकाच ठिकाणी येत असतील तर स्पेसर जेवढा जाड, साधारण तेवढाच.

हे प्रत्येक गाडीला लागू नाही. स्पेसर स्प्रिंगवर दाब वाढवण्यासाठी स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीच्या आत बसवला, किंवा टॉर्शन बार (काही गाड्यांत स्प्रिंगऐवजी असणारी, पीळ घेणारी सळई) पिळून गाडी वर घेतली, तर शॉकअपची जागा बदलत नाही. उलट वरच्या बाजूला चाकाला जास्त जागा मिळते आणि खाली लटकायची कमी होते. तिथे उंच बंप स्टॉप घातला तर मिळालेली जागा स्वतःच्या हाताने घालवली. फक्त मोठा टायर मडगार्डला घासत असेल तर त्याला अडवायला तो लागतो. काही गाड्यांत बंप रबर शॉकअपच्या दांड्यावरच असतं, ते स्पेसरसोबत खाली येतं आणि शॉकअपला आपोआप वाचवतं. म्हणजे 'बंप स्टॉप बदलू का' याचं उत्तर स्पेसर कुठे बसतोय हे कळल्याशिवाय कुणीही देऊ शकत नाही. जो न सांगता चारही बदला म्हणतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

तिसऱ्या महिन्यात गतिरोधकावर पुढून आवाज यायला लागला. रबर दाबल्याचा आवाज 'धप्' असा बोजड असतो. हा लोखंडी 'ठक्' होता. गॅरेजवाला म्हणाला, टायर मोठे आहेत, आवाज येणारच. सहाव्या महिन्यात दोन्ही शॉकअप तेलाने ओले झाले. मग दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी जॅकवर घेतली, चिंधीला थिनर लावला आणि पुढचं बंप रबर पुसलं. काळा रंग चिंधीवर आला. खाली तेच जुनं, तडे गेलेलं रबर. बोल्टच्या डोक्यावर कंपनीची खूण आणि वर्षानुवर्षांचा गंज, पाना कधी लागलेलाच नव्हता. रबराखाली स्पेसरही नाही.

मग त्याने मागे पाहिलं. तिथे मात्र खरंच नवीन होते, उंच आणि कडक पॉलियुरेथेनचे. मागची उंची मी एका सुतानेही बदलली नव्हती. अॅक्सल आणि रबर यांच्यातलं अंतर जसं होतं तसंच होतं, तिथे काहीही करायची गरज नव्हती. कंपनीचे मऊ, फोमसारखे रबर दाब वाढेल तसा हळूहळू घट्ट होत जातात. हे कडक गोळे अॅक्सलला लवकर लागतात आणि धक्का सरळ चॅसीत जातो. मागचे बदलायला वेळ लागत नाही आणि वाकून बघणाऱ्याला ते लगेच दिसतात. पुढचे गंजलेले, काढायला त्रासाचे. माझा अंदाज आहे की एवढ्याच कारणाने गरजेच्या ठिकाणी रंग लागला आणि नको त्या ठिकाणी नवा माल बसला.

तुमचं काम झालं असेल तर आजच एक करून बघा. पुढच्या बंप रबराच्या टोकाला ग्रीस लावा आणि शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर केबल टाय घट्ट बांधा. रोजच्या खराब रस्त्यावरून फिरून या. टाय दांड्याच्या शेवटापर्यंत सरकला आणि आर्मवर ग्रीसचा डाग नाही, तर तुमचा शॉकअपच बंप स्टॉपचं काम करतोय. जुने पार्ट कामाच्या वेळीच ताब्यात घ्या आणि काम सुरू होण्याआधी चाकाच्या आतले फोटो काढून ठेवा.

फोटोनेच मला थोडंफार परत मिळालं. गॅरेजवाला आधी म्हणाला, रबर नवीनच होतं, उन्हाने तडकलं. माझ्याकडे कामाच्या आधी टायर मोजताना काढलेला फोटो होता. डाव्या रबरावरची तिरकी चीर तेव्हाच्या आणि आताच्या, दोन्ही फोटोंत हुबेहूब तीच होती. त्यावर तो गप्प झाला आणि पुढच्या दोन रबरांचे पैसे दिले. शॉकअपचे नाकारले. मागच्यांबद्दल म्हणाला, "ते तर बसवलेच आहेत ना?"

आता पुढे नवे शॉकअप आहेत, कंपनीचेच बंप रबर १ इंच खाली आणून घट्ट बसवलेत, आणि 'ठक्' बंद झालाय. माझ्या वापराला महागड्या अपग्रेडची गरजच नव्हती, रबर योग्य उंचीवर असणं पुरेसं होतं. मागे कंपनीचे मूळ रबर परत लावायचे होते. त्याच्याकडे मागितले, तर ते त्याच दिवशी भंगारात गेले होते.