पन्नास हजारांचा कॉलेज लॅपटॉप: काउंटरवर काय तपासायचं, आत काय टाकायचं

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की सोलापुरात नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत लॅपटॉपच्या दुकानांत एकच ओळ ऐकू येते: "आय-फाइव्ह आहे, सोळा जीबी आहे, पाचशे बाराची एसएसडी, वर बॅग-माउस फ्री." या ओळीत खात्रीची गोष्ट बॅग. बाकीच्या शब्दांत चांगलं मशीनही बसतं आणि दुसऱ्या वर्षीच रडायला लागणारंही. सोलापुरातली बहुतेक घरं पंचेचाळीस ते साठ हजारांत थांबतात, म्हणून हे परीक्षण त्याच पट्ट्यातल्या मशीनचं.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. इंटेलचा आय-फाइव्ह किंवा एएमडीचा रायझन ५ एवढ्यावर काहीच ठरत नाही, पुढचा पूर्ण आकडा लागतो. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण एएमडीचंच आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी शेजारी ठेवलेले असतात, किमतीत थोडाच फरक. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये झेन २ रचनेचे चार कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, ७५३०यू मध्ये झेन ३ चे सहा. शिवाय ७५२०यू ची रॅम कायम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे नंतर वाढवायचा प्रश्नच मिटला. पहिला सोडा, दुसरा घ्या. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे कमी वीज, हलकं मशीन, बॅटरी जास्त. 'एच' म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता. आय५-१२३५यू चे दहा कोर आणि आय५-१२४५०एच चे आठ, म्हणून पहिला भारी असं दुकानात सांगितलं जातं. दहातले जड काम उचलणारे मोठे कोर दोनच आहेत, आठातले चार. कोड कंपाइल करताना किंवा कॅडमध्ये मोठं ड्रॉइंग फिरवताना आठवालाच पुढे जातो. आकड्याच्या आधी 'एन' दिसला, उदाहरणार्थ आय३-एन३०५, तर त्यात मोठे कोर अजिबात नाहीत. टायपिंग आणि ऑनलाइन लेक्चरला तो चालेल, इंजिनिअरिंगला नको. सेलेरॉनकडे तर बघूही नका.

रॅमबाबत जुना सल्ला होता: आत्ता ८ घ्या, पुढच्या वर्षी ८ टाका. २०२५ च्या अखेरीपासून रॅम इतकी महागली आहे की आता तो व्यवहार अंगावर येतो. १६ जीबी सुरुवातीलाच घ्या. दुकानात सुरू असलेल्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. खाली उजवीकडे फॉर्म फॅक्टर लिहिलेला असतो. 'सोडिम' दिसलं तर कांडी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डावरच आहे. काही मशीनमध्ये ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा असतो, तेही चालतं. त्याच जागी 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. १६ ची एकच कांडी असेल तर सिंगल चॅनलमुळे, म्हणजे डेटाला एकच वाट राहिल्यामुळे, आतला ग्राफिक्स मंदावतो. दोन कांड्यांवर तेच मशीन डोळ्यांना कळेल इतकं सुधारतं.

स्क्रीनवर दुकानदार बोलतच नाही. या किमतीत बहुतेक पॅनेल २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससीचे (रंगांच्या पल्ल्याचं माप) असतात, म्हणजे रंग धुतल्यासारखे. प्रोग्रामिंगला अडचण नाही, आर्किटेक्चर किंवा डिझाइनच्या पोरांना आहे. टीएन हे जुन्या, स्वस्त प्रकारचं पॅनेल मात्र कुणीच घेऊ नये. पडदा पुढे-मागे कलवून बघा, रंग फिके पडले किंवा उलटे दिसले तर तो टीएन.

आता खरा मुद्दा. इथली दुकानं किमतीत ऑनलाइनच्या जवळपास येतात आणि बिघडल्यावर जाऊन बसायला जागा असते, ही मोठी सोय. गोंधळ होतो तो "सगळं लोड करून देतो" या सेवेत. खोका आतल्या खोलीत जातो आणि अर्ध्या तासात तयार मशीन बाहेर येतं. त्या अर्ध्या तासात बहुधा तीन गोष्टी होतात. एसएसडीचे, म्हणजे डेटा साठवायच्या डिस्कचे, सी, डी, ई असे तुकडे पाडले जातात. सी १०० जीबीचा राहतो आणि दोन सेमिस्टरमध्ये लाल होतो. दुसरं, विंडोज सुरू करण्यासाठी दुकानाच्या नेहमीच्या मेल आयडीनं खातं उघडलं जातं. हे सगळ्यात महागात पडतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर ड्राइव्ह आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) होतो आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की पहिल्यांदा लॉगिन केलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. सहा महिन्यांनी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, निळा पडदा आला आणि की मागितली, तर ती दुकानदाराच्या कुठल्या तरी आयडीत असते, पासवर्ड कोणाला आठवत नाही. डेटा गेला. मशीनसोबत आलेलं कायमचं ऑफिसही त्याच खात्याला चिकटतं.

म्हणून एवढंच म्हणायचं: "शेठ, सील आमच्यासमोर फोडा, सेटअप आम्ही करतो." मोबाइलचा हॉटस्पॉट द्या, मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा आयडी टाका. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चहा सांगतील, पिऊन घ्या.

तिसरी गोष्ट नकली विंडोजची. डॉसवालं, म्हणजे विंडोज नसलेलं, मशीन चार-पाच हजारांनी स्वस्त दिसतं आणि त्यात क्रॅक विंडोज घालून मिळतं. ओळखायचं कसं? विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत एसएलएमजीआर, जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि डीएलआय असं टाका. जी खिडकी येते तिच्यात 'ओईएम_डीएम चॅनल' दिसलं तर लायसन्स कारखान्यातून आलंय. 'व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट' दिसलं तर क्रॅक. खोक्यावर होम सिंगल लँग्वेज छापलंय आणि आत प्रो चालतंय, तरी तेच समजा. क्रॅक टाकताना अँटिव्हायरसला त्या फाइलकडे दुर्लक्ष करायला सांगावं लागतं, आणि मग त्या दारानं आणखी काय आत येतं याचा हिशेब राहत नाही.

निघण्यापूर्वी बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ (/), बॅटरीरिपोर्ट. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी जवळपास सारखी हवी, सायकल काउंट अगदी थोडा हवा. तीस-चाळीस सायकल दिसल्या तर तो शोकेसमधला पीस आहे. मशीनच्या तळाचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठून सुरू झाली तेही बघा. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर आणि तोच सिरियल नंबर छापून घ्या. वॉरंटी ऑनसाइट आहे की सेंटरवर नेऊन द्यायची, हे ४१३००१ पिनकोड टाकून तपासा. मशीन पुण्याला पाठवावं लागलं तर ऐन परीक्षेत हात रिकामे.

कोणती ऑपरेटिंग सिस्टिम? शाखा विचारा, उत्तर तिथेच आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलला विंडोजच. सॉलिडवर्क्स, क्रिओ, रेव्हिट दुसरीकडे चालत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सला कील आणि प्रोटियससाठी विंडोज, कॉमर्सला टॅलीसाठी विंडोज. कार्यालयांतल्या जुन्या मराठी फाइल श्रीलिपीच्या असल्या तर त्यांच्यासाठीही विंडोज. नुसतं युनिकोड मराठी टाइप करायला मात्र लिनक्सवरही इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. मॅकबुक एअरची बॅटरी आणि स्क्रीन या पट्ट्यातलं कुठलंच मशीन गाठत नाही, पण वरची यादी वाचून मगच त्याचा विचार करा. कॉम्प्युटर, आयटी आणि डेटा सायन्सवाल्यांना लिनक्स लागतंच, प्रश्न कसं घ्यायचं एवढाच.

पहिल्या वर्षाला विंडोजच्या आतलंच लिनक्स पुरे. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डब्ल्यूएसएल, जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून इन्स्टॉल असं टाका, रीस्टार्ट करा, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) येतं. चूक दाखवली तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं; इंटेलमध्ये व्हीटी-एक्स, एएमडीमध्ये एसव्हीएम या नावानं ते चालू करा. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, सी ड्राइव्हवरून चालवलं तर गोगलगाय होते. हे लिनक्स निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, त्यामुळे ८ जीबीवर ब्राउझर गुदमरतो.

डुअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, करायचं असेल तर क्रम चुकवू नका. रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, मग ड्राइव्हचं एनक्रिप्शन बंद करा. पॉवर ऑप्शन्समधला फास्ट स्टार्टअप काढा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं. डिस्क मॅनेजमेंटमधून सी चे ६० ते ८० जीबी कमी करून ती जागा रिकामीच सोडा. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती रूफस या सॉफ्टवेअरनं चढवा. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर घाबरू नका. इंटेलच्या अनेक मशीनमध्ये बायोसला व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी सोय चालू असते. ती थेट बंद केली तर विंडोज उठत नाही. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडा, मग व्हीएमडी बंद करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडा आणि सेफ बूटची खूण काढा. सगळं झाल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. मशीन बिघडलेलं नाही: लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, १ एवढं दिलं की भांडण मिटतं.

ग्राफिक्स कार्डवालं गेमिंग मशीन थ्रीडी असेंब्ली करणाऱ्यांनीच घ्यावं. वजन सव्वादोन किलोच्या वर, अडॅप्टर विटेएवढा, आणि बॅटरी दोन लेक्चर झाली की चार्जर शोधायला लावते.

मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. लॅपटॉपची हवा खालून आत जाते, त्यामुळे पलंगावर सोलापुरी चादरीवर ठेवून काम केलंत की जाळी झाकली जाते आणि प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. "मशीन स्लो झालं" या उन्हाळी तक्रारींत हे कारण नेहमीचंच. मागची बाजू एक इंच उचलून टेबलावर ठेवा. दोन-तीन हजारांचा कूलिंग पॅड त्याहून फार काही करत नाही. दिवसभर चार्जिंगला लावून ठेवत असाल तर कंपनीच्या ॲपमधून चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा, कारण उष्णता आणि भरलेली बॅटरी एकत्र आली की बॅटरी लवकर फुगते.

धातूच्या बॉडीवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लॅपटॉप परत करायला धावू नका. अडॅप्टरमधली बारीक गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी, आणि होस्टेलच्या किंवा भाड्याच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसतं, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावलेला असतो. आधी तो जोड काढा, मग वायरमनला बोलवा.