उघडं पुस्तक हातात देणारी मंडळी: पाच महिन्यांचा अनुभव (५ पैकी ४)

पाच महिने झाले, म्हणजे वीसेक रविवार. एवढ्या खेपा झाल्यावर लिहायला हरकत नाही. मी एस.टी.त कंडक्टर होतो, ३३ वर्षं, जालन्याकडं. एका खेपेवरून गाडीबद्दल बोलू नये, एवढी अक्कल तिथं आली.

नाव-पत्ता लिहीत नाही. लिहिला तर येत्या रविवारी दारातच धरतील. छत्रपती संभाजीनगरातलं जुनं दगडी चर्च, मराठी उपासना सकाळी साडेआठला, एवढं पुरे. ज्याला शोधायचंय त्याला सापडतंय.

आधी मी तिथं कसा पोचलो ते सांगतो. आमची मंडळी दोन वर्षांखाली वारली. (आमच्यात बायकोलाही मंडळी म्हणतात आणि चर्चच्या लोकांनाही. दोन्हीकडं माझं फारसं चालत नव्हतं.) मुलगा म्हणाला, जालन्यात एकटे काय करता, इकडं या. आलो. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे, पाणी रोज नाही, आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही.

सुनेनं मोबाइलवर बघून एक मोठं चर्च काढून दिलं. गेलो. दारात तिघं पोरं, एका रंगाचे टी-शर्ट. 'वेलकम अंकल!' गळ्यात पडले, फोटो काढला, फॉर्म भरून घेतला. नाव, मोबाइल, वाढदिवस, प्रार्थनेचा विषय. विषयात मी लिहिलं, 'उजवा गुडघा.' आत गेलो तर पहिल्या रांगेत गुबगुबीत खुर्च्या, पाय लांब करायला ऐसपैस जागा. बसलो. पाच मिनिटांत त्यातलंच एक पोरगं आलं, "अंकल, ह्या सीट गेस्टसाठी आहेत." उठलो. राखीव सीटचं मला कुणी शिकवू नये. आमदार, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, सगळ्या राखीव सीट मी सांभाळल्यात. पण गाडीत तशी पाटी लिहिलेली असते. इथं पाटी नव्हती, माझ्या शर्टाकडं बघून ठरवलं होतं. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सुरूच तिथून होतो: सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्याच्या गरिबाला 'तू तिकडं उभा राहा.' त्या हॉलमध्ये कुणी वाचला नसेल असं नाही. पाठ असेल उलट.

त्यांचे मेसेज मात्र तीन महिने रोज सकाळी सहाला यायचे. वाढदिवसाला केकचं चित्रही आलं. गुडघ्याचं कुणी विचारलं नाही.

आता ज्याबद्दल लिहायला बसलो ते.

इथं पहिल्या रविवारी मी उशिरा पोचलो, रिक्षावाल्यानं भलतीकडंच फिरवलं. आत पहिलं गीत सुरू झालेलं. दारात एक म्हातारे उभे होते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. काही बोलले नाहीत. नाव नाही, गाव नाही, फॉर्म नाही. गीताचं पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं आणि पानावर अंगठा टेकवला. तिसऱ्या कडव्यावर. आत तिसरंच कडवं चाललं होतं. अंगठा होता तिथून मी गायला लागलो आणि गात गातच आत शिरलो. कुणी वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही झालंच नव्हतं ना.

या एका गोष्टीला मी अडीच स्टार देतो. धावती गाडी धरणाऱ्याला मी वर्षानुवर्षं हात दिलेला माणूस आहे. हात कोपराजवळ धरायचा असतो, बोटं धरली तर माणूस निसटतो. या म्हाताऱ्यांना ते कळत होतं.

पुढच्या रविवारी पुस्तक दुसरंच मिळालं. महिला संघानं गीतांच्या मोठ्या अक्षरातल्या झेरॉक्स काढून स्पायरल बायंडिंग करून ठेवल्यात, सहा-सात प्रती. मी मागितली नव्हती. आधीच्या रविवारी मी पुस्तक हातभर लांब धरून वाचत होतो, ते कुणीतरी पाहिलं असणार.

गुडघ्याची गोष्ट जरा लांबण लावून सांगावी लागेल, कारण त्यात इतिहास आहे. आम्ही जालन्याचे, म्हणजे स्कॉटिश मिशनचे. नारायण शेषाद्री, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. तिथं येऊन राहिलेले बहुतेक मांग समाजातले. ज्यांना गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते त्यांचं स्वतःचं गाव. माझी आज्जी त्याच बाजूची. तर त्या स्कॉटिश वळणात प्रार्थना बसून, आणि प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची) भाकर-प्याला बाकावर आणून देतात. औरंगाबादेत (जुनं नाव जिभेवरून जात नाही, माफ करा) चर्च मिशनरी सोसायटीचं काम, म्हणजे इंग्रजी वळण: गुडघे टेकायचे, वेदीसमोरच्या कठड्याशी ओळीनं जायचं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अशा सगळ्या परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. कागदावर झाली. गुडघ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. अजूनही कोण जालनेकर आणि कोण इथला, हे प्रार्थनेच्या वेळी न विचारता कळतं.

पहिल्या प्रभुभोजनाला सगळी बाकं रिकामी झाली आणि मी एकटा बसून. गुडघा वाकत नाही, आणि सगळे टेकलेले असताना आपण ताठ उभं राहायचं कसं? पाळकसाहेबांनी कठड्यावरच्यांना दिलं, मग पायऱ्या उतरून माझ्या बाकापाशी आले. माइकवरून काही बोलले नाहीत. 'आजारी बांधवांसाठी' वगैरे कौतुक केलं असतं तर मी परत गेलो नसतो. तेव्हापासून मला कडेचं बाक असतं, उजव्या हाताचं, म्हणजे उजवा पाय वाटेत लांब करता येतो. कुणी दिलं, कधी ठरलं, ठाऊक नाही.

गाण्यांचं थोडक्यात: पेटी, तबला, टाळ. नारायण वामन टिळकांची भजनं इथं अजून अभंगाच्या चालीवर जोरात म्हणतात. कीबोर्डवरचं पोरगं अधूनमधून लग्नाच्या वरातीत शिरतं, पण ते वयच तसं आहे.

मला मंडळी खरी दिसली ती हंगामाच्या सणाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीक आलं की लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. मोसंबीची करंडी, तुरीच्या शेंगा, कोंबडा, नारळ, भोपळे. एका ठेकेदारानं मोसंबीच्या पाच करंड्या आणल्या. बदनापूरकडून येणाऱ्या एका आजींनी पदराखालून सहा गावरान अंडी काढली. लिलाव पुकारणारा गडी बँकेत शिपाई आहे, पण त्याची जीभ बाजार समितीत शोभेल अशी. अंड्यांनाही त्यानं करंड्यांइतकाच वेळ दिला. "बगा, बगा, एकबी फुटलं नाई! बदनापूरहून गाडीत उभ्यानं आलीत ही!" सहा अंडी चारशेला गेली. घेणाऱ्यानं ती परत लिलावाला ठेवली, पुन्हा अडीचशे आले. आजींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, कळलं नाही.

पण मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतरची. एक भोपळा निघाला. बोली तीस रुपयांवर. माझ्या पुढंच त्या आजी उभ्या होत्या. त्यांचा हात वर आला, खांद्यापर्यंत, तिथंच थांबला. म्हणाल्या "चाळीस", पण आवाज कसला तो, मलाच जेमतेम ऐकू आला. मागून ठेकेदाराची मंडळी तोंड उघडणार, तेवढ्यात पुकारणाऱ्यानं एका श्वासात 'चाळीस एकवार दोनवार तीनवार' करून भोपळा आजींच्या हातात ठेवलासुद्धा. एरवी तो 'दोनवार'ला घसा खाकरतो, पाणी पितो, विनोद सांगतो. डबल बेल कधी मारायची हे कंडक्टरला कळायला वर्षं जातात. माझा हात आपोआप टाळीला गेला, मग आवरला. टाळी वाजवली असती तर आजींना कळलं असतं.

त्याच दिवशीचं जेवण. मंडळीत दोन चुलतभाऊ आहेत, पंचांच्या निवडणुकीवरून दोन वर्षं बोलत नाहीत. पाळकसाहेबांनी त्यांना उपदेश केला नाही. एकाला वरणावर लावलं, दुसऱ्याला भातावर, चुली शेजारी शेजारी. मी खुर्ची टाकून दोन तास तमाशा बघत बसलो. दोन तासांत एवढंच:

"मीठ टाकलं का?"

"टाकलं."

वरण खारट झालं होतं, तो भाग वेगळा. समेट वगैरे काही झाला नाही. पुढच्या सभेत दोघांनी परत विरुद्ध बाजूंनी हात वर केले. पण आता एक जण दुसऱ्याला 'हे' म्हणतो. आधी 'तो माणूस' म्हणायचा.

आता जो एक स्टार कापला त्याचा हिशेब. माणसाला इतकं जपणारी ही मंडळी सूचनांच्या वेळेला कशी काय बिघडते, देव जाणे. सूचना पंचवीस मिनिटं. त्यात देणगीदारांची नावं, रकमेसकट. 'अमुक साहेबांकडून अकरा हजार' खणखणीत, आणि 'तमुक बाईंकडून एक्कावन्न' म्हणताना सेक्रेटरींचा आवाज आपोआप खाली. मी चहाच्या वेळी गाठलं त्यांना. म्हटलं, रकमा कामून वाचता? नुसती नावं वाचा. ते म्हणाले, "काका, रकमा वाचल्या नाहीत तर लोक देत नाहीत." खरं असेल. भाड्याचे पैसे मोजून घेण्यात आयुष्य गेलंय माझं, पण कुणी किती दिले ते गाडीत ओरडून सांगितलं नाही. अजून वाचतात.

दुसरं, जेवणानंतर भांडी फक्त बायका घासतात. पुरुष खुर्च्या उचलतात, त्याही दहा उचलून फोटो काढतात. तिसरं, पायऱ्यांना कठडा नाही. चौथं, प्रवचन. पाळकसाहेब भला माणूस आहे, पण 'शेवटचा मुद्दा' म्हणाल्यावर त्यांचे तीन थांबे बाकी असतात.

आणि एक घरभेटीचं. मला ताप आला, दोन रविवार चुकले. तिसऱ्या आठवड्यात रात्री सव्वानऊला दारात सात जण. फोन नाही, काही नाही. सून नुकतीच ऑफिसातून आलेली. ती आपल्यातली नाही, तिचे देव देवघरात आहेत, आणि तिनं सात जणांचा चहा ठेवला. प्रार्थना झाली. एक बाई तिला म्हणाल्या, "मग तुम्ही कधी येणार आमच्याकडं?" सुरात ते आमंत्रण नव्हतं, थकबाकी होती. मला कानकोंडं झालं. दारातले म्हातारेही आले होते. त्यांनी बाईंचं वाक्य खाली पडूच दिलं नाही. सुनेला विचारलं, "ऑफिस कुठशीक आहे ताई तुमचं? जायला-यायला काय करता?" ती वाळूजला जाते. मग ट्रॅफिकवर दहा मिनिटं गेली, आणि निघताना त्यांनी सगळ्यांचे कप गोळा करून ओट्यावर नेऊन ठेवले. ते गेल्यावर सून म्हणाली, "ते आजोबा परत आले तर चालतील. आधी फोन करायला सांगा." मी पाळकसाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. आता फोन येतो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पार्किंग तोकडं आहे, दुचाकी न्या. पहिल्या रविवारी कुणी मिठी मारणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. चहा गोड असतो, बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासमध्ये खिडकीत ठेवलेला असतो. मुलांना घेऊन जात असाल तर संडेस्कूल मागच्या खोलीत. तिथला पंखा बंद आहे, पोरांना फरक पडत नाही.

गेल्या महिन्यापासून दुसऱ्या रविवारी दारावर माझी पाळी असते. म्हाताऱ्यांचा आता दुसरा डोळाही ऑपरेशनला आलाय. काम सोपं वाटलं होतं. नाही. एक कान आत ठेवावा लागतो, कितवं कडवं चाललंय ते, आणि एक डोळा फाटकाकडं. परवा कॉलेजचं एक पोरगं घाईघाईनं आलं, हेल्मेट हातात. मी ऐटीत पुस्तक उघडलं, अंगठा ठेवला, दिलं. ते गात आत गेलं. आत सगळे गात होते १४२, मी दिलं होतं १२४. मधल्या बाकापर्यंत गेलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. वळून माझ्याकडं बघितलं आणि खुदकन हसलं. शेजारच्यानं आपलं पुस्तक त्याच्याकडं सरकवलं.