एटीएम बॅकहॉलसाठीचा सेल-साइट गेटवे: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोबाइल टॉवर आणि त्यांचे नियंत्रक यांच्यामधल्या ट्रान्समिशन जाळ्यात (बॅकहॉलमध्ये) आम्ही गेले काही महिने सेल-साइट गेटवे, म्हणजे टॉवरवरची वाहतूक एकत्र करून पुढे पाठवणारे यंत्र, वापरत आहोत. एटीएम म्हणजे येथे पैसे देणारे यंत्र नव्हे, तर माहिती ५३ बाइटच्या ठरावीक तुकड्यांत (सेलमध्ये) वाहून नेणारे जुने तंत्रज्ञान. टॉवरच्या बाजूला त्याला टूजीच्या बीटीएसचे (टॉवरवरच्या रेडिओ यंत्राचे) ई-वन (जुन्या पद्धतीच्या डिजिटल लाइन), थ्रीजीच्या नोड-बीचे (तशाच रेडिओ यंत्राचे) आयएमए गटात बांधलेले, म्हणजे अनेक मिळून एकच लिंक केलेले ई-वन आणि नव्या उपकरणांचे इथरनेट अशी तिन्ही प्रकारची जोडणी देता येते. दुसऱ्या बाजूने तो ही सगळी वाहतूक जुन्या एटीएम लिंकवर किंवा पॅकेट जाळ्यावर स्यूडोवायरच्या (पॅकेट जाळ्यातून जुन्या लाइनची नक्कल करणाऱ्या जोडणीच्या) रूपात पाठवतो. संकलन केंद्रावर त्याच मालिकेतले मोठे यंत्र असून ते अनेक टॉवरांची वाहतूक एकत्र करून आरएनसीला (थ्रीजीच्या नियंत्रकाला) एका एसटीएम-१ (१५५ मेगाबिटच्या) पोर्टवर देते. उत्पादकाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक मुद्दे या वर्गातल्या कोणत्याही यंत्राला लागू पडतील.

माहितीपत्रकात पोर्टांची संख्या ठळक अक्षरांत छापलेली असते आणि खरेदीच्या बैठकीत चर्चाही तिच्यावरच होते. वापरानंतर माझे मत असे झाले आहे की आधी या यंत्राचे क्लॉक (वारंवारतेचा अचूक संदर्भ) पाहावे, मग ते सेल किती वेळ अडवून ठेवते ते पाहावे, आणि पोर्ट सर्वांत शेवटी मोजावेत.

हे यंत्र घ्यावे का लागले, ते साध्या हिशेबावरून कळते. थ्रीजीच्या सुरुवातीच्या मानकांत नोड-बी आणि आरएनसी यांच्यामधला आययूबी इंटरफेस एटीएमवरच होता; आयपीचा पर्याय रिलीज ५ मध्ये आला, पण तोवर बसवलेली उपकरणे एटीएमचीच राहिली. ई-वनचा वेग २.०४८ मेगाबिट असला तरी त्यातले दोन टाइमस्लॉट फ्रेमिंग आणि सिग्नलिंगसाठी बाजूला ठेवल्यावर एटीएमच्या वाट्याला १.९२ मेगाबिट येतात, म्हणजे ५३ बाइटचे सेकंदाला सुमारे ४,५२८ सेल. आयएमए गटात प्रत्येक १२८ सेलच्या फ्रेममागे एक नियंत्रण-सेल जातो, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण ४,४९० सेल हाती राहतात. चार ई-वनचा गट बांधला तरी सेलची शीर्षके वजा जाता सुमारे ६.९ मेगाबिटच उरतात. एचएसडीपीएची (थ्रीजीच्या वेगवान डेटा सेवेची) कमाल क्षमता १४.४ मेगाबिट सांगितली जाते. ती प्रत्यक्षात कधी मिळत नसली, तरी संध्याकाळच्या गर्दीत चार ई-वन अपुरे पडतात हे आम्ही रोज पाहत होतो, आणि भाड्याचे ई-वन वाढवत नेण्याला मर्यादा असतात.

म्हणून पहिल्या टप्प्यात आम्ही मिश्र पद्धत स्वीकारली. आवाज, सिग्नलिंग आणि टूजी जुन्या ई-वनवर ठेवले आणि एचएसडीपीएची व्हर्च्युअल सर्किट तेवढी इथरनेटवर वळवली. गेटवेच्या आत व्हीपीआय-व्हीसीआयनुसार (सेलवरच्या सर्किट-क्रमांकांनुसार) सेल वेगवेगळ्या मार्गांना लावता येत असल्याने नोड-बीच्या किंवा आरएनसीच्या मांडणीला हात लावावा लागला नाही. हा टप्पा अपेक्षेपेक्षा सोपा गेला. त्याचे मोठे श्रेय शिल्लक ठेवलेल्या ई-वनला द्यावे लागेल, कारण टॉवरला क्लॉक त्याच ई-वनवरून मिळत होते. ज्यांना घाई नाही त्यांनी याच टप्प्यावर जितके दिवस थांबता येईल तितके थांबावे, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

दुसऱ्या टप्प्यात काही टॉवर पूर्णपणे पॅकेट जाळ्यावर नेले, आणि तिथे यंत्राचे खरे गुणदोष दिसू लागले. एटीएमचे सेल एमपीएलएस (लेबल लावून पॅकेटे पाठवणाऱ्या जाळ्याच्या) स्यूडोवायरमध्ये कसे भरायचे हे आरएफसी ४७१७ या दस्तऐवजात ठरवून दिलेले आहे. आम्ही वापरत असलेल्या पद्धतीत सेलच्या शीर्षकातला एक बाइटचा एचईसी (शीर्षकातली चूक ओळखणारा भाग) काढला जातो आणि ५२ बाइट पुढे जातात. एका पॅकेटमध्ये एकच सेल भरला तर इथरनेट शीर्षक, व्हीलॅन टॅग, दोन लेबले, कंट्रोल वर्ड आणि शेवटचा एफसीएस (चूक-तपासणीचा भाग) मिळून ८६ बाइटची फ्रेम होते. तिच्या आधीचा प्रीअँबल (सुरुवातीची खूण) आणि दोन फ्रेममधले सक्तीचे अंतर धरले तर हा आकडा १०६ होतो, म्हणजे ५३ च्या बरोबर दुप्पट. तेच दहा सेल एकत्र भरले तर मुळातल्या ५३० बाइटांसाठी ५७४ बाइट लागतात. एका प्रवाशाला घेऊन बस सोडायची की गाडी भरेपर्यंत थांबायचे, असा हा प्रश्न आहे. ई-वन पूर्ण भरून वाहत असेल तेव्हा दहा सेल जमायला सव्वादोन मिलिसेकंदही लागत नाहीत, पण पहाटे एखाद्या सर्किटवर सेकंदाला दोनशेच सेल येत असतील तर दहावा सेल येईपर्यंत पहिला पंचेचाळीस मिलिसेकंद ताटकळतो. नोड-बीकडे प्रत्येक फ्रेमसाठी ठरावीक वेळेची खिडकी असते आणि ती चुकलेली फ्रेम टाकून दिली जाते.

त्यामुळे सेलची कमाल संख्या आणि थांबण्याची कमाल वेळ या दोन्ही गोष्टी प्रत्येक सर्किटसाठी स्वतंत्रपणे ठरवता येणे आवश्यक आहे. या यंत्रात ती सोय आहे, आणि ती नेमकी चालते. आवाजाच्या एएएल-२ सर्किटांना (एएएल म्हणजे वाहतूक सेलमध्ये बसवण्याची पद्धत) आम्ही थोडे सेल आणि अगदी लहान टायमर दिला, तर डेटाला सढळ हाताने मोठा. उत्पादकाने कारखान्यातून दिलेले मूळ मूल्य मात्र सर्व सर्किटांना सारखेच असते, आणि नियमपुस्तिकेत त्याबद्दल दोन ओळींपलीकडे काही लिहिलेले नाही.

आता क्लॉकविषयी, जे सविस्तर सांगण्याजोगे आहे. मोठ्या टॉवरच्या रेडिओ वारंवारतेत अब्जात ५० भागांपेक्षा जास्त चूक चालत नाही. २१०० मेगाहर्ट्झवर हे अंतर १०५ हर्ट्झ भरते. ई-वन होता तोवर ही अचूकता आयती मिळत होती. इथरनेट मुळात असे काही देत नाही, म्हणून गेटवेला ती पॅकेटांच्या येण्याच्या लयीवरून शोधून काढावी लागते. यालाच ॲडॅप्टिव्ह क्लॉक रिकव्हरी म्हणतात. एटीएमची पॅकेटे वाहतुकीप्रमाणे कमीजास्त येतात, त्यांच्यात लय नसते. त्यामुळे संकलन केंद्रावरून क्लॉकसाठी एकसमान गतीचा वेगळा प्रवाह सोडावा लागतो. टूजीचा ई-वन एसएटॉप पद्धतीने (ई-वनचा अखंड प्रवाह तसाच पॅकेटांत भरून) जात असेल तर हे काम त्याच्यावर भागते, कारण २५६ बाइटचा डेटा धरला तर त्याची सेकंदाला नेमकी एक हजार पॅकेटे निघतात.

पॅकेटांच्या येण्यात क्षणोक्षणी होणारा विस्कळीतपणा या यंत्राला फारसा त्रास देत नाही, कारण सरासरी काढताना तो निघून जातो. त्रास होतो तो हळू बदलणाऱ्या विलंबाचा. दुपारपासून रात्रीपर्यंत भार चढत जातो, रांगा लांबतात, पॅकेटे किंचित उशिरा येऊ लागतात, आणि दूरचे क्लॉक मंदावले आहे असा यंत्राचा समज होतो. अनेक मायक्रोवेव्ह टप्प्यांपलीकडच्या एका टॉवरवर नेमके हेच घडले. ट्रान्समिशनच्या पडद्यावर एकही अलार्म नव्हता आणि गेटवे क्लॉकची स्थिती ‘लॉक्ड’ दाखवत होता. तक्रार आली ती रेडिओ विभागाकडून: संध्याकाळी शेजारच्या टॉवरवरून येणारे हँडओव्हर (चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवणे) अयशस्वी होत होते. जीपीएस संदर्भाशी तुलना करणारे मापनयंत्र गेटवेच्या ई-वनला लावल्यावर वारंवारता भाराबरोबर सरकताना दिसली. शोध घेतला तेव्हा वाटेतल्या एका स्विचवर क्लॉकच्या प्रवाहाची प्राधान्यखूण पुसली जात असल्याचे आढळले, आणि ती पॅकेटे सामान्य डेटाच्या रांगेत उभी राहत होती. खूण पूर्ववत केल्यावर सरकणे थांबले. यात गेटवेचा दोष नव्हता. पण येणाऱ्या पॅकेटांचा विलंब वाढतो आहे हे आतून मोजत असूनही तो कोणाला सांगत नाही, हा मात्र निश्चितच त्याचा दोष आहे. ‘लॉक्ड’ आणि ‘अनलॉक्ड’ या दोनच अवस्था दाखवणारे यंत्र अशा कामाला अपुरे आहे.

जिथे संपूर्ण मार्गावरची उपकरणे सिंक्रोनस इथरनेट जाणतात तिथे आम्ही तोच पर्याय निवडला आणि प्रश्न मिटला, कारण त्यात वारंवारता थेट भौतिक थरावरून मिळते आणि भाराचा तिच्यावर परिणाम होत नाही. अट एवढीच की मधले एकही उपकरण अपवाद असता कामा नये. एक साधा स्विच मध्ये आला की साखळी तुटते. आयईईई १५८८ ची (वेळेची पॅकेटे पाठवून क्लॉक जुळवण्याच्या मानकाची) सोय यंत्रात आहे, पण आम्ही ती फक्त प्रयोगशाळेत पाहिली असल्याने तिच्याविषयी मत देत नाही. ऑसिलेटरच्या (यंत्राच्या स्वतःच्या वारंवारता-स्रोताच्या) बाबतीत तडजोड करू नये. साध्या ऑसिलेटरची आणि उष्णता-नियंत्रित ऑसिलेटरची अशा दोन आवृत्त्या मिळतात. बंद कॅबिनेटमधले तापमान दिवसरात्रीत बरेच बदलते, आणि संदर्भ तुटल्यावर साधी आवृत्ती फार लवकर भरकटते.

वाहतुकीच्या वर्गवारीत यंत्र चांगले आहे. एटीएमच्या सीबीआर (स्थिर दर), व्हीबीआर (बदलता दर), यूबीआर (हमीविना दर) या वर्गांना पॅकेटच्या बाजूच्या कोणत्या रांगेत घालायचे हे मोकळेपणाने ठरवता येते. येथे एक सूचना करावीशी वाटते: नोड-बीचे एनबीएपी सिग्नलिंग (आरएनसीकडून त्याचे नियंत्रण करणारे संदेश) एएएल-५ सर्किटवर अगदी थोडी जागा घेते, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. मुसळधार पावसात मायक्रोवेव्हचे मॉड्युलेशन खाली उतरून क्षमता घटते तेव्हा हेच सर्किट डेटाबरोबर रांगेत अडकले तर वापरकर्त्यांची वाहतूक चालू असतानाही टॉवर बंद पडतो. त्याला आवाजाच्या वरचे स्थान द्यावे.

याच मालिकेतले लहान यंत्र आम्ही एटीएम सेवा घेणाऱ्या संस्थांच्या दारात सीमा-उपकरण म्हणूनही लावले आहे. तिथे गरजा निराळ्या असतात. ग्राहक ठरलेल्या दरापेक्षा जास्त सेल पाठवतो का, हे तपासून जादा सेलांवर सीएलपीची (गर्दीत आधी टाकून देण्याची) खूण करणे किंवा ते टाकून देणे हे काम ते बिनचूक करते. त्यातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे गर्दीत सेल टाकताना पूर्ण पॅकेटच टाकण्याची. १५०० बाइटचे आयपी पॅकेट एएएल-५ मध्ये ३२ सेल व्यापते, आणि त्यातला एक हरवला तरी उरलेले ३१ वाहून नेणे व्यर्थ असते. बॅकहॉलवर मात्र या सोयीचा उपयोग नाही, कारण तिथली वापरकर्त्यांची वाहतूक एएएल-२ वर असते आणि एकाच सेलमध्ये अनेक संभाषणांचे तुकडे मिसळलेले असतात. विक्रेते हा फरक सांगत नाहीत.

देखभालीच्या बाबतीत माझे मत संमिश्र आहे. आय.६१० या देखभाल-मानकातले एफ-४ (मार्ग) आणि एफ-५ (सर्किट) पातळीवरचे लूपबॅक आणि कंटिन्युइटी चेक (जोडणी अखंड आहे का याच्या चाचण्या) व्यवस्थित चालतात. मध्यरात्री दोष ग्राहकाच्या बाजूला आहे की आपल्या, हे टॉवरवर माणूस न पाठवता ठरवता येते, आणि केवळ यासाठीसुद्धा मी यंत्राला चांगले गुण देईन. परंतु इथरनेटची एक तार तुटली की प्रत्येक स्यूडोवायरचा, प्रत्येक सर्किटचा आणि प्रत्येक आयएमए गटाचा वेगळा अलार्म उठतो. मूळ कारण कोणते आणि परिणाम कोणते हे यंत्र ठरवत नाही. ते काम आम्हाला व्यवस्थापन प्रणालीत नियम लिहून करावे लागले. आकडेवारी पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत मिळते, ती पुरेशी आहे.

यंत्राची बांधणी मजबूत आहे आणि ४८ व्होल्टच्या दोन पुरवठ्यांपैकी एक गेल्यास ते विनाखंड चालते. आदेशांची रचना किचकट आहे, पण आठवडाभरात हात बसतो. पंखा मात्र धुळीत लवकर आवाज करू लागतो आणि तो बदलण्यासाठी यंत्र रॅकमधून काढावे लागते, हे न पटणारे आहे.

फर्मवेअरची नवी आवृत्ती चढवताना यंत्र पुन्हा सुरू होते आणि ॲडॅप्टिव्ह क्लॉकची जुळवणी पहिल्यापासून करते. वाहतूक काही मिनिटांत परत येते, पण क्लॉक स्थिरावायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो आणि तोवर टॉवर स्वतःच्या ऑसिलेटरवर तगून असतो. म्हणून एकाच परिसरातल्या शेजारच्या टॉवरांचे काम एका रात्रीत उरकण्याची पद्धत आम्ही बंद केली. आता एकाआड एक टॉवर घेतो. पुढच्या मागणीत फक्त उष्णता-नियंत्रित ऑसिलेटरची आवृत्ती मागवली आहे, आणि क्लॉकच्या प्रवाहातील विलंबाचा फरक मर्यादेबाहेर गेल्यास अलार्म द्यावा, अशी लेखी मागणी उत्पादकाकडे केली आहे. ती पूर्ण झालेली नसताना, मार्गात परक्या कंपनीचे स्विच असणाऱ्या आणि एकही ई-वन शिल्लक न ठेवणाऱ्या जाळ्यांसाठी मी या यंत्राची शिफारस करणार नाही. इतरांनी ते घ्यायला हरकत नाही.