शिफ्ट सांभाळून गुप्तरोगाच्या चाचण्या: आठ महिन्यांनंतर

बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. फर्स्टला सकाळी सातला मशीनवर उभं राहायचं, सुटेपर्यंत सरकारी दवाखान्याची ओपीडी उठलेली असते. गेल्या ऑगस्टपासून मी पाच वेळा रक्त दिलं, तीन इंजेक्शनं घेतली आणि एकही खाडा पडू दिला नाही. कसं जमवलं आणि कुठं चुकलो, ते सांगतो. मला सांगणारं कुणी नव्हतं.

पुण्यात चार वर्षं नोकरीला होतो. तिथलं नातं जुलैत संपलं आणि मी बेळगावला परत आलो. कंडोम दर वेळी वापरला नव्हता. जखम, पुरळ, लघवीला जळजळ, काहीच नव्हतं. तरी घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा ठरवलं, आधी तपासून घ्यायचं.

नवीन नोकरीत सुट्टी कशी मागणार? म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका खाजगी लॅबचं ‘फुल पॅकेज’ घेतलं. माणूस साडेसातऐवजी सव्वानऊला आला आणि अंगणातूनच त्यानं विचारलं, “एचआयव्हीची टेस्ट कुणाची?” वहिनी तुळशीला पाणी घालत होती. त्या सकाळचा राग अजून गेलेला नाही. घरी बोलवणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा, दारात चाचणीचं नाव घ्यायचं नाही.

पॅकेजही फुल नव्हतं. एचआयव्ही, व्हीडीआरएल म्हणजे गरमीची (सिफिलिसची) चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सी, सगळ्या रक्ताच्या चाचण्या. परमा म्हणजे गोनोरिया, आणि क्लॅमिडिया रक्तात कळत नाहीत. त्यांना लघवी किंवा स्वॅब लागतो. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी फोनवर रिपोर्ट आला. एचआयव्ही निगेटिव्ह. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, 1:16. याचा अर्थ सांगायला कुणी नाही. ती अख्खी सेकंड शिफ्ट मी हा आकडा डोक्यात घेऊन काढली.

दुसऱ्या सकाळी सिव्हिलला गेलो. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये, पण ‘आयसीटीसी’, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र, म्हणून विचारलं की खोली दाखवतात. रांगेत निम्म्या गरोदर बायका होत्या, कारण गरोदरपणात एचआयव्ही आणि गरमीची तपासणी होतेच. त्यामुळे तुम्ही तिथं का बसलाय हे बघून कुणाला कळत नाही. चाचणी मोफत. आधी समुपदेशक बाई बोलतात, संमती घेतात, मगच रक्त. एचआयव्हीसाठी संमती आणि गुप्तता ही कायद्यानं सक्तीची आहे. 2017 चा कायदा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. मी मान खाली घालून बसलो होतो. बाई म्हणाल्या, “तपासायला आलासा, बरं केलासा. कंच्या शिफ्टला असता?” माझी शिफ्ट विचारून त्यांनी पुढची तारीख सेकंडच्या आठवड्यात टाकली. लॅबनं रिपोर्ट दिला होता, पुढची वाट बाईंनी दाखवली.

त्यांनीच समजावलं की शेवटच्या संबंधाला तीन आठवडेच झालेत, म्हणून एचआयव्हीचा निगेटिव्ह रिपोर्ट अजून पक्का धरायचा नाही. लॅबमधल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत लागण दिसायला 45 दिवसांपर्यंत लागू शकतात, बोटातून रक्त घेऊन करतात त्या रॅपिड चाचणीत 90. ऑक्टोबरअखेर पुन्हा दिलं, निगेटिव्ह आलं. त्या दिवशी गेटवर चहा पिताना हात थरथरत होता. (धोक्याचा संबंध येऊन 72 तास उलटले नसतील तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा, एचआयव्ही टाळायला 28 दिवसांचं औषध असतं. 1097 ही हेल्पलाइन फुकट आहे.)

गरमीचं मात्र खरं निघालं. टीपीएचए, म्हणजे गरमी पक्की करणारी दुसरी रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आली. लागण कधीची ते सांगता येईना, म्हणून डॉक्टरांनी 24 लाख युनिटचं बेंझाथिन पेनिसिलिन आठवड्याला एक असं तीनदा दिलं. आधी टेस्ट डोस, मग दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. दुखतं. पहिल्या दिवशी आठ तास उभं राहणं जड गेलं. दोन इंजेक्शनं सेकंडच्या आठवड्यांत बसली. मधलं फर्स्टच्या आठवड्यात येत होतं, त्यासाठी मशीनवरच्या जोडीदाराशी शिफ्ट बदलून घेतली आणि पाठदुखीचं कारण सांगितलं. डोस मात्र पुढं ढकलला नाही.

पुढच्या तपासण्यांबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. व्हीडीआरएलचा आकडा पहिल्या आकड्याशी ताडून बघायचा असतो, म्हणून दर वेळी तीच चाचणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. डिसेंबरात वेळ वाचवायला कारखान्याजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये दिलं आणि 1:8 आलं. उतरलं की लॅबच्या हाताचा फरक, डॉक्टरही ठामपणे सांगेनात. मार्चमध्ये पहिल्याच लॅबमध्ये, पण स्वतः जाऊन दिलं. 1:4. सोळावरून चारवर, चौपट उतार, म्हणजे औषध लागू पडलं. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे उपचाराचे कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत.

परमा आणि क्लॅमिडियासाठी लघवीची चाचणी वेगळी केली. आधी किमान तासभर लघवीला जायचं नाही आणि पहिल्या धारेचाच नमुना द्यायचा. दोन्ही निगेटिव्ह. या कुठल्याच चाचणीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे फर्स्टच्या आठवड्यातही सुटल्यावर संध्याकाळी देता येतात.

जिच्याशी लग्न ठरलंय ती निपाणीची, पतसंस्थेत कामाला. होकार येण्याआधी मीच तिला सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, “मी पण तपासून घेऊ?” कामाला जायच्या आधी सकाळीच जाऊन तिनं रक्त दिलं. सगळं निगेटिव्ह.

वर्षाची तपासणी सप्टेंबरात आहे. तेव्हा फर्स्ट शिफ्ट येतेय, म्हणून आतापासूनच मशीनवरच्या जोडीदाराला सांगून ठेवलंय. या वेळी पाठदुखी सांगितली नाही. रक्त तपासायचंय, एवढंच म्हटलं.